मुळासकट तेरडा

भाद्रपद लागला की मुलुंड स्टेशनबाहेरच्या बाजारातून सरळ चालता येत नाही. पुठ्ठ्याची मखरं, कागदी कमळं, लुकलुकणाऱ्या माळा आणि त्या सगळ्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेली माणसं. त्यांच्यापुढे दूर्वा, आघाडा, केवड्याची पानं आणि तेरडा. यंदा सुपाऱ्या घ्यायला गेले होते, सवयीने तेरड्याची एक जुडी उचलली आणि उलटी करून पाहिली. देठ सुरीने सरळ कापलेले. वर रबरबँड.

"मुळं कुठायत?" मी विचारलं.

"ताई, मुळं ठेवली की माती पडते. लोक ओरडतात, गाडी खराब होते म्हणून."

"अरे, पण गौरीसाठी नेतात ना? गौरीला पाय नकोत?"

त्याने मान वर न करता समोरच्या दुकानाकडे बोट दाखवलं. "पावलांचे स्टिकर आलेत ना, झकास. लाल पण आहेत, सोनेरी पण."

मी जुडी खाली ठेवली. त्याची काही चूक नव्हती. गिऱ्हाईक मागेल ते तो विकतो. पण घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात भांडत होते. त्याच्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी तरी.

आमच्या कोकणातल्या घरांत गौर मुखवट्याची नसते. तेरड्याची रोपं मुळासकट उपटून आणतात, तीच गौर. ती मुळं म्हणजे तिचे पाय. दारात ती धुवायची, हळद-कुंकू लावायचं आणि त्याच पायांनी ती घरभर फिरवायची. इथे स्वयंपाकघर, इथे कपाट, इथे मुलं झोपतात. माणूस घरी आलं की त्याला घर दाखवतात, तसं. म्हणून तेरडा तोडायचा नाही, उपटायचा. आणि उपटायचा म्हणजे तो कुठेतरी जमिनीत उगवलेला असायला हवा.

मी भूगोल शिकवते. वनस्पतींचं वितरण कशावर ठरतं, या प्रश्नाला मी फळ्यावर पाऊस, माती, उंची, तापमान अशी उत्तरं लिहिते. मग जरा थांबते आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिते, 'माणूस'. पुस्तकात त्याच्या वाट्याला एक ओळ आली आहे. माझ्या वर्गात त्याला अख्खा तास मिळतो, कारण ते वितरण बदलताना मी माझ्या घराच्या खिडकीतून पाहिलं आहे.

बाबांची गिरणी बंद पडली आणि आम्ही परळहून मुलुंडला आलो तेव्हा मी लहान होते. डोंगराच्या पायथ्याची आमची चाळ शेवटची. तिच्यामागे घर नव्हतं, उतार होता. उताराच्या वरच्या अंगाला कातळ आणि कातळाच्या वर जंगल. खालच्या अंगाला एक तबेला. पावसाळाभर मागची खिडकी उघडली की शेणाचा, ओल्या गवताचा आणि कुणाच्या तरी स्टोव्हच्या रॉकेलचा मिळून एक वास आत यायचा. आजही मला भाद्रपद म्हटलं की धूप-अगरबत्तीच्या आधी तोच वास आठवतो.

श्रावण सरता सरता तो उतार गुलाबी व्हायचा. एकदम नाही. आधी कातळाखालचा ओला पट्टा, मग पायवाटेच्या दोन्ही कडा, मग म्हशींनी खुरांनी उकरलेल्या जागा. तेरड्याचे देठ काचेसारखे असतात, उजेडात धरले तर आत पाणी भरलंय असं वाटतं. आम्ही पोरी पाकळ्या चुरगळून नखांवर बांधायचो. रंग फिकाच यायचा, पण शाळेत बाई नखं पाहून ओरडायच्या, तेवढा पुरायचा. आणि बोंडं पिकली की खरी मजा. हिरवं, लव असलेलं बोंड चिमटीत धरायचं, नुसतं दाबायचं. फट्कन फुटून ते आतल्या आत गुंडाळायचं आणि बिया तोंडावर, केसांत, फ्रॉकच्या खिशात. आई आंघोळ घालताना म्हणायची, "तुझ्या डोक्यात शेत उगवेल एक दिवस."

मोठी झाल्यावर, भूगोल शिकल्यावर मला कळलं की तो गुलाबी उतार म्हणजे काही अनादी काळापासूनचं रान नव्हतं. आधी तिथे झाडी असणार. कुणीतरी ती तोडली, तबेला आला, म्हशी चरायला लागल्या, गवत कापलं जायला लागलं आणि जमीन उघडी राहिली. तेरड्याला अशीच जागा लागते. ओलावा, थोडी सावली, पण डोक्यावर झुडपांची गर्दी नको. म्हशी त्याला फारसं तोंड लावत नसत. म्हणजे माणसाने जंगल मागे ढकललं आणि त्याच माणसाच्या म्हशींनी तेरड्याला अंगण करून दिलं.

पुढे तबेले मुंबईबाहेर गेले. चरणं थांबलं, कापणं थांबलं. दोन-चार पावसाळ्यांत उतारावर घाणेरी माजली, गाजरगवत आलं, सुबाभळीची पोरं दाटीने उभी राहिली. सगळे लांबून, समुद्रापलीकडून आलेले. इथली माती त्यांना मानवली आणि त्यांना हटकणारं कुणी उरलं नाही. तेरडा सरकत सरकत कातळाखालच्या एका पट्ट्यात जाऊन बसला, जिथे झऱ्याचं पाणी ठिबकतं. चाळ पाडून तिथे आमचा टॉवर उभा राहिला तोवर तो पट्टा चाळीतल्या दोन खोल्यांएवढा उरला होता. पण होता. दरवर्षी गौरीच्या दिवशी आम्ही बायका तिथे जायचो आणि पुरेल एवढा तेरडा उपटून आणायचो.

आता ज्या भाद्रपदाबद्दल मला सांगायचंय तो काही वर्षांपूर्वीचा. त्या आषाढात डोंगरावरून एक दगड गडगडत आला आणि पार्किंगमधल्या गाडीच्या टपावर बसला. आत कुणी नव्हतं, म्हणून बरं. पण सगळी सोसायटी हादरली. आम्ही डोंगराखालची माणसं. पावसात वरून मोठा आवाज आला की हातातला घास हातात राहतो. तेव्हा उतार बांधून काढायचा ठरला, याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. ठरलं ते असं: खाली भिंत, वर लोखंडी जाळी आणि जाळीवर यंत्राने सिमेंटचा फवारा. संपूर्ण उतारावर. आणि भिंतीच्या पुढे शोभेचे पाम.

मीटिंग गच्चीखालच्या हॉलमध्ये झाली. आमचे सेक्रेटरी परब कुडाळकडचे, आमच्याच चाळीत वाढलेले, माझ्यापेक्षा थोडे मोठे. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. करडा डोंगर, हिरवे पाम, निळं आकाश. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मागच्या खुर्चीवरून कमळकाकी उठून उभी राहिली.

कमळकाकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. माहेर-सासर दोन्ही कणकवलीकडचं. काका गेल्यावर तिने मालवणी मसाले कुटून घर चालवलं, पोरीचं लग्न केलं आणि आमच्याच मजल्यावर एकटी राहायला लागली. सत्तरी ओलांडली तरी आवाज असा की लिफ्टमधलं बोलणं दोन मजले वर ऐकू जावं.

"परबा, त्या कातळाखालच्या तुकड्याचा काय?" तिने विचारलं.

"काकी, तोही जाणार. सगळा उतार एकसंध करायचाय."

"थंय दगड खंय आसा रे? थंय माती आसा आणि तेरडो आसा."

कंत्राटदाराचा इंजिनीअर तरुण होता, सभ्य होता. तो म्हणाला, "आजी, मध्येच तुकडा सोडला तर तिथून पाणी आत शिरतं. मग वरचं सगळं सुटू शकतं. जोखीम कशाला घ्यायची?"

"बरां," काकी म्हणाली. "मग गवरीक तेरडो खंयसून हाडायचो?"

परब हसले. "काकी, बाजारात ढिगाने मिळतो. मी स्वतः सगळ्यांना आणून देतो, मग तर झालं?"

"पाय तोडलेली गवर माज्या घरात चलत कशी येतली, तां सांग माका आधी."

हॉल हसला. ते हसणं वाईट नव्हतं; म्हाताऱ्या माणसाच्या हट्टाला आपण हसतो तसं होतं. पण परबांना त्या हसण्याने जोर चढला. ते म्हणाले, "आणि काकी, तेरडा तरी कुठे इथला? तुम्ही कणकवलीच्या, तुमचा तेरडाही कणकवलीचाच असेल. तुम्हीच आणलात, तुम्हीच टाकलात आणि आता डोंगराच्या नावाने हक्क सांगताय."

काकी खुर्चीत बसली. तिच्या मनात भलतंच काही चालू झालं असावं. ठराव मंजूर झाला. माझा आणि काकीचा हात वर गेला नाही, आणि आणखी एका मुलीचा. सहाव्या मजल्यावरची श्वेता, त्याच वर्षी लग्न होऊन अकोल्याहून आलेली. ती मला लिफ्टमध्ये म्हणाली, "ताई, मला तेरड्याचं काही माहीत नाही. पण तो पाम मला अजिबात आवडला नाही."

परबांचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. चिडून बोललेलं वाक्य, पण त्यात काहीतरी होतं. तेरडा इथल्या डोंगरांचा आहेच. पलीकडच्या जंगलातल्या वाटांवर, जिथे कुणाची गौर कधी गेली नाही तिथेही तो उगवतो. पण आमच्या उतारावरचा? आधीच्या चाळींतल्या बायका वर्षानुवर्षं गौर बोळवल्यावर सुकलेली रोपं याच उतारावर ठेवून यायच्या. त्या रोपांवर पिकलेली बोंडं असायची. ती फुटत असतील, बिया पडत असतील. त्यातली काही रोपं गावाहून एसटीच्या टपावर, ओल्या फडक्यात गुंडाळून आलेली असतील. मग आमचा उतार डोंगराचा की आमच्या बायकांचा? जंगलातून खाली उतरलेलं बी कुठलं आणि कणकवलीहून आलेलं कुठलं, हे आता कोण सांगणार? मला तर हा प्रश्नच उलटा वाटायला लागला. माणूस वस्ती करतो तेव्हा तो जमीन घेतो आणि बीही घेऊन येतो. घाणेरी आली तीही माणसाबरोबरच, आणि तेरडा टिकला तोही माणसामुळेच. माणूस आहे म्हणून रान जाणारच असं जे म्हणतात, त्यांना आपण काय करतोय याची जबाबदारी नको असते, एवढंच.

हे मी काकीला सांगितलं, जमेल तसं. ती कुळथाची पिठी ढवळत होती. म्हणाली, "म्हणजे आमी पेरल्यानी तर तो आमचो, नि आपसून इलो तर डोंगराचो. दोनीतसून परबाचो खंयचो?"

गौरीच्या आधी उताराकडे जाणाऱ्या फाटकाला कुलूप लागलं. वर पाटी, 'काम चालू, प्रवेश बंद'. काम अनंत चतुर्दशीनंतर सुरू होणार होतं, पण पाटी आधीच आली. मी परबांना फोन केला. "एक तास उघडा, गौर आणून परत येतो."

"वैशाली, कुणी घसरलं, पाय मोडला तर जबाबदार कोण? तू शिकलेली आहेस ना गं!"

फोन ठेवला तेव्हा काकी माझ्यासमोरच होती. तिने नऊवारी नेसायला घेतली होती.

पंपाच्या खोलीमागे कुंपणाची जाळी उसवली आहे, हे चाळीत वाढलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. आम्ही तिथून गेलो. काकी, मी, तळमजल्यावरच्या दोघी शेजारणी आणि श्वेता. श्वेताला मी म्हटलं होतं, तुमच्याकडे मुखवट्यांच्या महालक्ष्म्या असतात, तू कशाला येतेस चिखलात. ती म्हणाली, "महालक्ष्म्या अकोल्याला सासूबाईंकडे बसल्यात. इथे माझ्याकडे कुणीच नाही. मला येऊ द्या."

सकाळी पाऊस पडून गेला होता. कातळ काळा चमकत होता, झऱ्याची धार हाताच्या बोटाएवढी. आणि खाली तेरडा. दोन खोल्यांएवढ्या जागेत एवढा गुलाबी रंग मी त्याआधी पाहिलेला असणारच, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्यासारखा वाटला, कारण तो पुन्हा दिसणार नव्हता. काकी खाली बसली. डाव्या हाताने देठ, उजव्या हाताची बोटं मातीत. हळू, हलवत हलवत. "वढू नको," ती श्वेताला म्हणाली. "तिका उठव. निजलेल्या पोराक उठवतंव तसां." मुळं बाहेर आली, पांढरी, बारीक, त्यांना माती धरून बसलेली.

मग आमच्या घरची रीत. गौर हातात घेतली की वाहत्या पाण्याची चूळ तोंडात भरायची आणि घरात येईपर्यंत मुक्याने चालायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, पाणी गिळायचं नाही. आम्ही पाच जणींनी झऱ्याला ओंजळ लावली, गाल भरले आणि निघालो.

जाळीतून बाहेर आलो तर समोर परब. शेजारी वॉचमन आणि तो तरुण इंजिनीअर. कुणीतरी वरून पाहून फोन केला असणार.

"काकी! पाटी वाचली नाहीत?" परब ओरडले.

काकी गप्प.

"मी काय विचारतोय? सोसायटीचा ठराव झालाय. उद्या सगळेच असे घुसायला लागले तर काय करायचं?"

काकीचे गाल फुगलेले, नजर सरळ. परब माझ्याकडे वळले. "वैशाली, तू तरी बोल. की तुलाही काही वाटत नाही?"

मला पुष्कळ वाटत होतं. त्या क्षणी माझ्याकडे असं एक उत्तर तयार होतं की आयुष्यभर त्यांना आठवलं असतं. पण तोंडात झऱ्याचं पाणी होतं. श्वेताचे खांदे हसू दाबताना गदगदत होते आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून एक थेंब हनुवटीवर आला होता.

"अरे, कुणीतरी बोला ना!" परब.

इंजिनीअरला काही कळेना. तो वॉचमनला हळूच म्हणाला, "ये लोग नाराज हैं क्या?"

तेव्हा काकी चालायला लागली. बाजूने नाही, सरळ परबांच्या दिशेने. हातात गौर धरलेली, मुळांतून चिखल टपकतोय. मी पाहत होते, परबांच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग गोंधळ, आणि मग जे झालं ते त्यांनी ठरवून केलं नाही. त्यांनी पायातल्या चपला काढल्या. एक पाऊल मागे सरकले, दुसरं, आणि हात आपोआप जोडले गेले. कुडाळचाच माणूस तो. समोरून येणारी गौर अडवायची कशी, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आम्ही पाच जणी त्यांच्यासमोरून गेलो. पार्किंगमधून लिफ्टपर्यंत चिखलाची रेघ उमटली, लिफ्टमध्ये उमटली, मजल्यावर उमटली.

दारात पाय धुतले, कुंकू लावलं, गौर घरात फिरवली. मग काकीने मोरीत चूळ टाकली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हं. आता इचार म्हणा परबाक."

आम्ही इतक्या हसलो की शेजारची माणसं बघायला आली.

हसू ओसरल्यावर प्रश्न राहिलाच. त्या वर्षी आम्ही जिंकलो असं मी म्हणणार नाही. फवाऱ्याचं यंत्र येणार होतं ते आलंच. पण मधल्या दिवसांत काकीने ठरवलं की बसून रडायचं नाही. आधी तिने वीसेक रोपं उपटून गॅलरीतल्या कुंड्यांत लावली. मी म्हटलं, काकी, जगणार नाहीत. तिने ऐकलं नाही, दिवसातून तीनदा पाणी घातलं आणि सगळी कुजून आडवी झाली. "माजी चूक," ती म्हणाली आणि कुंड्या रिकाम्या केल्या. मग राहिला बियांचा मार्ग.

परबांनी त्यानंतर कुलूप काढलं, पाटीही फिरवून ठेवली. आम्ही दुपारी उन्हं तिरकी झाली की जायचो. काकी, श्वेता आणि मी. झाडांच्या खाली जुनं सुती लुगडं पसरायचं, हळूच पिकलं बोंड शोधायचं, चिमटीत धरायचं. फट्. फट्. फट्. लहानपणी हा खेळ होता, आता काम होतं, आणि तरी माझ्या हातांना तो खेळच वाटत होता. बारीक, तपकिरी, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या बिया. काकीने त्या राखेत घोळवून कापडी पिशव्यांत भरल्या.

सगळं वाचवता येत नाही. कातळाच्या कडेला जुन्या कुंभ्याच्या झाडाखाली रानभाजीची शेवळं यायची, पावसाच्या तोंडावर. त्यांचे कंद खोल, दगडांच्या बेचक्यात. आम्ही उकरायला गेलो, पण हाताला लागले ते तुकडे. कंटोळीचा एक जुना वेल होता. आणि काय काय असेल ज्याची नावंही मला माहीत नाहीत. काही झाडं माणसाबरोबर चालतात, काही चालत नाहीत. त्यांना त्यांची सावली लागते, त्यांचा दगड लागतो, त्यांची वर्षं लागतात. ती गेली. पुन्हा आली नाहीत. हे मी गोड करून सांगणार नाही आणि कुणी सांगितलं तर ऐकूनही घेणार नाही.

फवाऱ्याचा आवाज दिवसभर चालायचा. मी शाळेतून यायचे तेव्हा खिडकीबाहेर आणखी थोडा डोंगर करडा झालेला असायचा. पाय मोडल्यावर प्लास्टर घालतात तसा. शेवटी कातळाखालचा पट्टाही झाकला गेला. भिंतीला आणि सिमेंटला जागोजागी प्लास्टिकचे पाइप ठेवले होते, मागचं पाणी निघून जावं म्हणून. काकीने ते पाहिलं. एका सकाळी ती खुर्ची घेऊन भिंतीशी गेली, सगळ्यांच्या देखत, आणि हाताला येतील तेवढ्या पाइपांच्या तोंडाशी माती आणि बिया बोटाने कोंबल्या. परब वरून गॅलरीतून पाहत होते. ती त्यांना ओरडून म्हणाली, "परबा, बघ नीट! मागसून म्हणशील माका सांगूक नाय."

उरलेल्या बिया आम्ही वाटेल तिथे टाकल्या. नाल्याच्या काठाला, मैदानाच्या कुंपणाशी, माझ्या शाळेच्या मागच्या ओल्या कोपऱ्यात, रस्त्याच्या दुभाजकात. लोक विचारायचे, काय टाकताय? काकी सांगायची, "गवर."

पुढच्या पावसाळ्यात नाल्याचा काठ जेसीबीने खरवडला गेला. दुभाजकातलं सगळं कुणीतरी मुळासकट काढून तिथे रंगीत दगड ठेवले. पण श्रावणात एक दिवस श्वेताने मला खिडकीतून हाक मारली. भिंतीच्या पाइपांतून पोपटी पानं बाहेर आली होती. सगळ्यांतून नाही, पण बऱ्याचशांतून. भाद्रपद येईपर्यंत करड्या भिंतीला गुलाबी ठिपके पडले. मैदानाच्या कुंपणाशी तर तेरड्याने बस्तानच बसवलं, शाळेमागेही. सोसायटीतल्या कुणीतरी तक्रार केली की मुळांनी भिंत फुटेल. परबांनी त्याच इंजिनीअरला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ही पावसाळी रोपं, चार महिन्यांत मरतात. पाइप तुंबू देऊ नका म्हणजे झालं. पिंपळ आला तर मात्र काढा." गौरीच्या दिवशी पाइपांतली रोपं काढताना स्टूल धरायला परबांची बायको आली. ती मला हळूच म्हणाली, "ह्यांना सांगू नका हां, मला पण मुळाचीच हवी होती."

ह्यांना अर्थातच माहीत होतं.

आता माझ्या भागातल्या तेरड्याचा नकाशा काढायला सांगितला, तर पाऊस, माती आणि उंची यांनी तो जुळणार नाही. काकीची काठी कुठे कुठे गेली, यावर तो जुळेल. तेरड्याची जागा माणसाने बदलली म्हणतात, ते खरं आहे. फक्त ती बदलणारा माणूस नेहमी जेसीबीवरच बसलेला असतो असं नाही.

यंदा आमच्या शेजारचा प्लॉट गेला. जुन्या दोन चाळी होत्या, त्या पाडल्या. भोवती उंच पत्रे लागले आणि पत्र्यांवर हिरव्यागार जंगलाचं चित्र, त्यात एक पांढरा टॉवर. पत्र्यांच्या आत मात्र मुरमाचा खड्डा. गौरी गेल्यावर थोड्याच दिवसांनी काकी म्हणाली, चल. काठी, माझा हात आणि कापडी पिशवी. पत्र्यांच्या कडेला रस्त्यालगत मातीचा एक ढिगारा होता, पावसाने निथळलेला. काकी तिथे वाकली आणि मूठ उघडली.

आतून एक माणूस आला, पिवळं हेल्मेट घातलेला. "मावशी, काय टाकताय? इथे काम चालू आहे. तीन वर्षं इथे काही उगवणार नाही."

"तीन वर्सां?" काकी म्हणाली.

"निदान तीन. पुढेही लागतील. हा ढिगारा पण जाईल उद्या."

काकीने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात भाव सांगणाऱ्या पोराकडे पाहावं तसं.

"तुमी बांधा बाबांनू," ती म्हणाली. "आमी पेरतंव."

आणि तिने पिशवी उलटी करून झटकली.